कल्पना, अभिव्यक्ती आणि श्रेय

लेखकाने जाणून घ्यावे असे तत्त्व हे की, १९५७ चा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला नव्हे, तर तिच्या अभिव्यक्तीला, म्हणजे प्रत्यक्ष रचलेल्या रूपाला, संरक्षण देतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हा भेद स्पष्ट केल्यामुळे केवळ विषयसाम्यावरून वाङ्मयचौर्याचा आरोप करणे अन्यायाचे ठरते. तथापि, झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये, विश्वासाने सांगितलेल्या आणि पुरेशा विकसित संकल्पनेलाही गोपनीयतेच्या तत्त्वाखाली संरक्षण दिले. म्हणून लेखकाने दिनांकित टिपणे जपावीत, संपादकाने विश्वास पाळावा आणि आरोप करणाऱ्याने आधी दोन्ही संहिता ताडून पाहाव्यात. कारण श्रेय जपणे आणि निर्दोष लेखकाची प्रतिष्ठा राखणे ही साहित्यव्यवहाराची सारखीच कर्तव्ये आहेत.