नाताळच्या टेबलावर काय ठेवाल?

गुजरातेत दारूबंदी, आपल्या सिल्वासात नाही. त्यामुळे डिसेंबरात इथल्या दुकानांत गर्दी होते आणि बाटली बहुतेकदा घाईत उचलली जाते, जास्त कडक तीच चांगली या समजुतीने. मला हे अजिबात पटत नाही. सणाला आपण मटण निवडून आणतो, मग पेय का नाही?

बिअरचंच घ्या. तळलेल्या बोंबलाबरोबर हलकी, थंडगार लागर छान. पण रममध्ये मुरलेल्या सुक्यामेव्याचा केक कापाल तेव्हा भाजलेल्या माल्टची काळी स्टाउट उघडा, आणि ती फ्रिजमधून थोडी आधी काढून ठेवा. फार गार असली की जीभ बधिर होते, कॉफी-चॉकलेटकडे झुकणारी तिची चव हरवते. आंबट-तिखट विंदालूला नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ चांगली साथ देते.

गोव्याची उर्राक उन्हाळ्यातली, नाताळात तिचा आग्रह नको. काजूची फेणी मात्र टिकते; 2009 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मध्यरात्रीच्या मिसानंतर जेवणं झाली की ती घोटभरच घ्यावी, सावकाश.

गाडी चालवणाऱ्यासाठी आल्याचं गरम सरबत आधीच करून ठेवा, त्याला उरलंसुरलं नको. आणि वापी-वलसाडला परतणाऱ्या पाहुण्यांच्या हाती बाटली देऊ नका. परवान्याशिवाय ती हद्दीपलीकडे नेणं गुन्हा आहे. त्यांना केक द्या, नेवऱ्या द्या, दोदोल द्या.