घरचा अँटेना, गावचा टॉवर

घरातील मोबाइल इंटरनेट संथ चालण्यामागे दोन अगदी निराळी कारणे असू शकतात आणि त्यांतील एकाच कारणावरचा इलाज घरमालकाच्या हाती असतो. हा भेद ध्यानात न घेता राउटर आणि अँटेना यांवर होणारा खर्च बहुधा वाया जातो. टॉवरकडून येणाऱ्या लहरी घरात पोहोचेपर्यंत क्षीण होणे, म्हणजेच रेंज नसणे, हे पहिले कारण. तर लहरी चांगल्या पोहोचूनही त्या टॉवरवर एकाच वेळी फार ग्राहक लोटणे, हे दुसरे. अँटेना पहिल्यावर नेमका लागू पडतो, दुसऱ्यावर त्याची मात्रा फारशी चालत नाही.

उदाहरणार्थ, बीड तालुक्यातील चौसाळा हे धुळे–सोलापूर महामार्गावरचे बाजाराचे गाव असून मांजरसुंब्याच्या दक्षिणेचा हा सारा टापू बालाघाटाच्या चढउतारांचा आहे. अशा भूभागात टॉवर जवळ असूनही मधल्या टेकाडाआड गेलेल्या शेतवस्तीवर रेंज घसरते. शिवाय माळवदाच्या जुन्या घरांच्या जाड भिंती लहरी शोषून घेतात आणि लोखंडी पत्रे त्या परतवून लावतात. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली, शाळेचा अभ्यास आणि बँकेचा व्यवहारही तेथेच आला, आणि ऊसतोडीला गेलेल्यांचा घरच्या मुलाबाळांशी व वडीलधाऱ्यांशी असलेला संपर्क तर त्यावरच टिकून असतो. त्यामुळे घरात नेट असणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही.

खरेदीपूर्वी मोजमाप करावे. राउटरच्या माहितीपानावर लहरींचा जोर ‘आरएसआरपी’ या नावाने ऋण आकड्यात दिसतो. उणे ८० च्या आसपासचा आकडा चांगला, तर उणे ११० हा अगदी दुबळा समजावा. ही मोजणी डेसिबल या एककात होते आणि त्यात ३ चा फरक म्हणजे जोर दुप्पट, तर १० चा फरक म्हणजे दसपट असतो. दुसरा आकडा ‘एसआयएनआर’ हा उपयुक्त लहरी आणि गोंगाट यांचे प्रमाण सांगतो. तो २० च्या वर असल्यास उत्तम, शून्याजवळ असल्यास वाईट. हे दोन्ही आकडे आणि प्रत्यक्ष वेग एकाच जागी पहाटे पाच वाजता आणि रात्री नऊ वाजता टिपावेत. आकडे चांगले असून पहाटे नेट पळते आणि रात्री रांगते, असे आढळल्यास दोष गर्दीचा; दोन्ही वेळा आकडे आणि वेग तितकेच खालावलेले असतील, तर अँटेना कामी येण्याचा संभव मोठा.

दिशादर्शी अँटेना नवी शक्ती निर्माण करीत नाही. तो एकाच दिशेच्या लहरी अधिक गोळा करतो आणि इतर दिशांचा गोंगाट टाळतो. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात व भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात; १८००, २३०० किंवा ५जीसाठीच्या ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात डेटा वाहून नेण्यास जागा अधिक मिळते, परंतु त्या लहरी अडथळ्यापुढे लवकर थकतात. म्हणून कंपनीचा पट्टा, राउटर आणि अँटेना यांचा मेळ आधी पाहावा लागतो. ४जीमध्ये डेटाचे दोन प्रवाह एकाच वेळी येत असल्याने एकमेकांशी काटकोनात बसवलेल्या दोन अँटेनांची जोडी लागते. सर्वांत मोठी गळती मात्र वायरीत होते: स्वस्त बारीक कोॲक्स केबल या लहरींचा अर्ध्या डेसिबलहून अधिक जोर दर मीटरला खाते, म्हणजे गच्चीवर कमावलेले खोलीत येईतो संपते. राउटरच अँटेनासह गच्चीवर बसवून तेथून साधी लॅन केबल खाली आणणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या एअरफायबर सेवांची बाहेरची पेटी याच तत्त्वावर चालते. टॉवरची दिशा दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावरून काढता येते; त्यानंतर अँटेना थोडा थोडा फिरवत एसआयएनआर जेथे सर्वाधिक दिसेल तेथे तो पक्का आवळावा. वळवाच्या विजा ध्यानात घेता खांबाला अर्थिंग हवेच.

या उपायाचा लाभ एका घरापुरता राहत नाही. लहरी दुबळ्या असताना टॉवर एका स्पंदात दोनच बिट माहिती पाठवू शकतो, त्या स्वच्छ असताना सहा किंवा आठ. म्हणजे तोच व्हिडिओ पोहोचवण्यास टॉवरचा वेळ कमी खर्च होतो आणि उरलेला वेळ शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो. चोरून विकल्या जाणाऱ्या सिग्नल बूस्टरचे याच्या उलट आहे: तो लहरींसोबत गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतो आणि त्यामुळे सगळ्या परिसराची सेवा बिघडू शकते, म्हणूनच परवानगीविना तो बसवणे बेकायदा आहे.

गर्दीचा दोष असेल तेथे मात्र घरमालकाने गच्चीवर चढू नये. तेथे टॉवरवर आणखी पट्टे सुरू करणे, टॉवर फायबरने जोडणे किंवा नवा टॉवर उभारणे हे काम कंपनीचे. आणि २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत यावयाचा फायबर पुढे घरोघर नेणे हे काम शासनाचे. २०२३ पासून ब्रॉडबँडच्या वेगाची किमान मर्यादा २ एमबीपीएस ठरली आहे. पहाटेचे आणि रात्रीचे टिपलेले आकडे तक्रारीला जोडले, आणि कंपनीच्या तक्रार केंद्रात दाद न मिळाल्यास तिच्याच अपील प्राधिकरणाकडे व ग्रामसभेपुढे ते मांडले, तर ‘नेट चालत नाही’ या मोघम कुरकुरीला उत्तर देणे भाग पडेल असे वजन येते. ते आकडे मिळवण्यासाठी अँटेनाही विकत घ्यावा लागत नाही.