भाग चांगला, पण जुळणारा हवा

सायकलची झिजलेली चेन बदलायला तुम्ही दुकानात जाता, तेव्हा जाणता कारागीर आधी फ्रीव्हीलचे दात पाहतो. दातही झिजलेले असतील तर नवी चेन त्यांवर नीट बसत नाही. चढावर जोर लावताच ती घसरते. चेन नवी, उत्तम. तरी सायकल बिघडलेलीच! कारण यंत्र म्हणजे भागांची नुसती रास नव्हे. त्यातील भाग एकमेकांस जुळावे लागतात.

हौशी मोटारशर्यतींतील एका नियमामागे हेच तत्त्व आहे. 'स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९४४ साली स्थापन झाली. तिच्या शर्यतींत नोकरीधंदा सांभाळून भाग घेणारे हौशी चालक पुष्कळ असतात. कारखाने एकच मोटार वर्षानुवर्षे काढतात, पण मधूनमधून तिच्यात सुधारणा करतात. मग एका वर्षाच्या गाडीला दुसऱ्या वर्षाच्या गाडीचा भाग बसवावा काय? संस्थेच्या 'स्ट्रीट प्रिपेअर्ड' या गटाचा नियम असा: नियमपुस्तकात ज्या गाड्या एकाच ओळीत नोंदल्या आहेत, त्यांच्यातच अदलाबदल करावी, भाग बसावा म्हणून तो कापू-घासू नये, आणि इंजिन बदलायचे तर त्याच्या सर्व साहाय्यक यंत्रणांसह संपूर्ण बदलावे.

"प्रत्येक वर्षाचा उत्तम भाग निवडला तर बिघडले कुठे? सुधारणा अशीच होते ना?" असे तुम्ही विचाराल. शंका रास्त आहे. तरीही मला हा नियम योग्य वाटतो.

पहिले कारण यंत्रशास्त्राचे. 'माझदा मियाटा' या गाडीचे उदाहरण घ्या. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९९० ते १९९३ च्या गाड्यांत १.६ लिटरचे इंजिन होते आणि आत येणारी हवा एका हलत्या झडपेने मोजली जाई. १९९४ पासून इंजिन १.८ लिटरचे झाले आणि हवा तापलेल्या तारेने मोजली जाऊ लागली. हवा जितकी जास्त, तितकी तार निवते. त्यावरून हवेचे वस्तुमान कळते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. किती पेट्रोल सोडायचे, हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवतो. पण तो आपल्याच मापकाची 'भाषा' जाणतो. मापक एका वर्षाचा आणि नियंत्रक दुसऱ्या वर्षाचा जोडला, तर हिशेब चुकलाच!

दुसरे कारण न्यायाचे. १९९० च्या मियाटाची शक्ती ११६ अश्वशक्ती, तर १९९९ च्या गाडीची १४०. म्हणजे सुमारे २० टक्के अधिक. पण जुनी गाडी वजनाला हलकी. हलका सांगाडा आणि जोरकस इंजिन एकत्र आणले, तर तिची बरोबरी जुन्या, साध्या गाडीने कशी करावी? म्हणून कोणती वर्षे एका ओळीत ठेवायची, हा निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा लागतो. 'स्पेक मियाटा' गटात वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्या एकत्र धावतात. तेथे किमान वजन वर्षांनुसार वेगळे असते. काही गाड्यांच्या हवेच्या मार्गात भोकाची चकतीही बसवतात. हवा कमी, म्हणून पेट्रोल कमी, म्हणून शक्ती कमी. ही तडजोड ठराविक वर्षाची गाडी धरून केलेली असते. मनमानी सरमिसळ केली की तिला अर्थ उरत नाही. मग शर्यत चालकांची न राहता पैशाच्या थैल्यांची होते, आणि बेताच्या कमाईचा चालक मुकाट्याने घरी बसतो.

मात्र नियमानेही आंधळे होऊ नये. जुन्या गाडीचा भाग बाजारातून नाहीसा झाला, तर हट्ट धरल्याने तोच गरीब चालक बाहेर पडेल. अशा वेळी पर्यायी भागास परवानगी द्यावी. पण ती लेखी, उघड आणि सर्वांना सारखी असावी.

मित्रांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी जुन्या यंत्रांचे भाग जमवून काही बनवाल, तेव्हा "हा भाग चांगला आहे काय?" एवढे विचारून थांबू नका. "तो कशाशी जुळतो?" हेही विचारा. आणि तुमच्या गुरुजींनी गुण देताना हाच प्रश्न तुम्हांला विचारला, तर फार बरे होईल.