डेडस्टॉकमधले टॅब

खडकीला सकाळची लोणावळा लोकल पकडली की तासाभरात कामशेत येते. खडकीत आमच्या गल्लीत चौथीतल्या पोराच्याही हातात टॅब दिसतो. तो त्यावर क्लासचे व्हिडिओ बघतो, आईची पाठ वळली की गेम खेळतो. कामशेतहून पुढे माझ्या कामाच्या भागात एक गाव आहे, तिथल्या शाळेतही टॅब आहेत. चांगले वीस. फक्त ते कपाटात आहेत.

मला हे कळलं तेही योगायोगानेच. गेल्या खरिपात भाताची शेतीशाळा बांधावर घ्यायची होती, पण पावसाने बसू दिलं नाही. शाळेची पडवी मागितली. सतरंजी काढायला गुरुजींनी कपाट उघडलं तर खालच्या खणात टॅबची चळत. कोणा दात्याने तीन वर्षांपूर्वी दिलेले. तेरांच्या बॅटऱ्या फुगून पाठीमागचं झाकण उचललेलं, सात धड. मी विचारलं, “गुरुजी, वापरत का नाही?” ते म्हणाले, “साहेब, डेडस्टॉकला माझ्या सहीने चढलेत. पोराच्या हातून पडला तर भरून मी द्यायचा का?”

गुरुजींना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मीही सरकारी नोकरी करतो, त्यांची भीती मला समजते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वस्तू एकदा चढली की ती मोडली, हरवली तर जाब सही करणाऱ्याला. बाक वीस वर्षं टिकतो, लोखंडी कपाट त्याहून जास्त. टॅबचं आयुष्य चार-पाच वर्षं, तेही वापरला तर. त्याची काच फुटणार हे ठरलेलंच. खडकी बाजारात दुकानदार दुपारभरात काच बदलून देतो. शाळेला त्यासाठी दरपत्रकं, मंजुरी आणि मुळात पैसे लागतात. ‘समग्र शिक्षा’च्या निकषाप्रमाणे तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये. त्यातच खडू, रंगरंगोटी, स्वच्छता आणि वीजबिल. मग टॅब कपाटात ठेवणं हाच शहाणपणा ठरतो.

आणि कपाटात ठेवलेला टॅब मरतो. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडली की खराब होते. निम्मी भरून ठेवावी, महिन्याला एकदा बघावी, एवढंच लागतं. फुगलेली असेल तर चार्जिंगला लावूच नये, पेट घेण्याचा धोका असतो. विजेचा बाऊ मात्र उगाच केला जातो. साधारण टॅबची बॅटरी वीस वॉट-तासांच्या आसपास असते. म्हणजे वीस टॅब पूर्ण भरायला जेमतेम अर्धा युनिट वीज! अडचण युनिटची नाही, बिल थकलं म्हणून जोडणी तोडली जाते त्याची आहे.

हा अनुभव एका गावापुरता नाही. रायगड जिल्ह्यातल्या खैरात इथल्या छोट्या शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. तीच योजना पेरू देशात मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचं दिसलं नाही. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. हेतू चांगलाच होता. पण २०१८ मध्ये राज्यात आठवीची पुस्तकंच बदलली. छापील पुस्तक बदललं की दुकानात नवं मिळतं. टॅबमधलं कोणी बदलायचं, हे खरेदीच्या कागदावर आधीच लिहिलेलं असावं लागतं.

चाललेल्या ठिकाणी काय होतं? शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड गुरुजींनी टॅबवर वर्ग चालवला. विजेची अडचण सौरऊर्जेने सोडवली, गावाला सोबत घेतलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी तर पुस्तक बाजूला सारलंच नाही. पुस्तकातच क्यूआर कोड छापले. मूल वाचतं छापील धडा, अडलं तर कोडवरून आवाज किंवा चित्रफीत उघडतं. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातली स्वस्ताई कोणी फारशी बोलत नाही. अशा पद्धतीत प्रत्येक मुलाला टॅब लागत नाही. चार-पाच पोरांत एक पुरतो, आणि माझ्या मते बरा चालतो, कारण एक बोट फिरवतो तेव्हा बाकीचे वाद घालतात.

आमच्या खात्यातही हेच घडलं. ई-पीक पाहणी २०२१ मध्ये राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर पिकाची नोंद करायची, तलाठ्याची वाट बघायची नाही. कल्पना उत्तम. पण ज्या वाडीत पोरं-पोरी वडीलधाऱ्यांच्या शेजारी बांधावर उभी राहिली, तिथेच नोंदी पटापट झाल्या. बाकी ठिकाणी मोबाइल होता, माणूस नव्हता.

म्हणून मला वाटतं, हे टॅब शाळेइतकेच गावच्या वाचनालयाचे असावेत. १९६७ च्या कायद्याखाली राज्यात अकरा हजारांच्या आसपास मान्य ग्रंथालयं आहेत. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी भरतीची तयारी करणारी मुलं बसलेली असतात. विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. ‘दीक्षा’वरचे धडे रेंज असलेल्या ठिकाणी उतरवले की मग इंटरनेटशिवाय चालतात, एका टॅबवरून दुसऱ्यावरही देता येतात. ग्रंथपालाला महिन्यातून एकदा कामशेतला जाऊन हे करता येईल. अर्थात त्याच्या तुटपुंज्या मानधनात गाडीभाड्याचे पैसे तरी धरा.

पण त्याआधी रजिस्टरचं काय ते करा. टॅबला पाच वर्षांची मुदत धरून निर्लेखनाचा नियम सोपा करावा. वर्गात वापरताना फुटला तर वसुली नाही, असं लेखी द्यावं. दात्यांनीही वीसऐवजी पंधरा टॅब द्यावेत आणि उरलेले पैसे दुरुस्तीसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर ठेवावेत. फोटोत पंधरासुद्धा पुष्कळ दिसतात.

आमच्या गावात शाळा व्यवस्थापन समितीने तसा ठराव केला. फुटला तर गाव भरील, गुरुजी नाही. सात टॅब दिवसा शाळेत, संध्याकाळी वाचनालयात. नेणाऱ्याने वहीत सही करायची. दिवाळीनंतर एकाची काच गेली, गावाने भरली. त्या वहीत परवा एका आजोबांचा अंगठा दिसला. करप्याचे फोटो बघायला नातवाला घेऊन आले होते म्हणे.