रिफ्लेक्टर नाही, तर ऊस भरायचा नाही

गाळप सुरू झालंय. परवा रात्री डेअरीला दूध घालून मोटरसायकलवर येताना रस्त्यातच उसाची ट्रॉली उभी. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. हातभरानं वाचलो.

"पोरं गाडी जोरात हाणतात" म्हणे. हाणतात, खरंय. पण ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६ मीटरच्या वर जाते. समोरून लाईट डोळ्यावर आली की ट्रॉली दिसेपर्यंत खेळ संपलेला असतो.

तोड लांबेल, वजन घटेल म्हणून आपण वाहनवाल्याला काही बोलत नाही. घटलेलं वजन पुढच्या साली निघंल. गेलेलं पोरगं?

ऊस आपला, फड आपला. आधी मागची पट्टी बघा, मगच मोळी चढू द्या. नसंल तर आपणच आणून चिकटवा.