उसन्या राशींचा बाजार

मकरसंक्रांतीला महाराष्ट्रातील घराघरांत तिळगूळ वाटला जातो, कारण १४ जानेवारीच्या सुमारास सूर्य मकर राशीत प्रवेश करतो. त्याच घरात येणारे वृत्तपत्र मात्र २२ डिसेंबरपासूनच जन्मलेल्यांना मकर राशीचे ठरवून मोकळे होते. म्हणजे १० जानेवारीचा सूर्य पंचांगात धनु राशीत आणि भविष्याच्या सदरात मकरेत! सण एका गणिताने आणि भविष्य दुसऱ्या गणिताने, ही विसंगती सुशिक्षित हिंदू घराला खटकत कशी नाही?

हे दुसरे गणित आले कोठून? १९३० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या राजघराण्यात राजकन्या मार्गारेट जन्मली. लंडनच्या 'संडे एक्सप्रेस'ने आर. एच. नेलर या ज्योतिषाकडून तिचे भविष्य लिहून घेतले. वाचकांच्या त्यावर उड्या पडल्या. पुढे प्रत्येक वाचकाला 'आपले' भविष्य मिळावे म्हणून केवळ जन्मतारखेवर बेतलेली बारा खणांची सोय रूढ झाली. १९६८ मध्ये अमेरिकेत लिंडा गुडमन यांच्या 'सन साइन्स' या पुस्तकाने तिला जगभर पोहोचवले. या सदराच्या मुळाशी ऋषी नाहीत, वृत्तपत्राचा खप आहे.

भारतीय परंपरेत जन्मरास ही चंद्राची. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, लग्न तर साधारण दोन तासांनी बदलते. म्हणून जन्मवेळ आणि स्थळ यांवाचून पत्रिका मांडली जात नाही. शिवाय पाश्चात्त्य गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासूनची, तर पंचांगाची निरयण. दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. नातवंडांची जन्मनक्षत्रे मुखोद्गत असणाऱ्या आजीला अडाणी म्हणावयाचे आणि 'मी स्कॉर्पिओ' असे सांगणाऱ्या नातीला आधुनिक, हा न्याय कोणता?

आक्षेप परकीयतेला नाही. यवनांच्या ज्योतिषज्ञानाचा गौरव स्वतः वराहमिहिराने केला आहे. परंतु त्या पूर्वजांनी परक्याचे ज्ञान पारखून घेतले. आज घेतले जाते ते न पारखता, तेही ज्ञान नव्हे, तर करमणुकीचा माल.

फलज्योतिषावर कोणाची श्रद्धा असो वा नसो, साधा हिशेब तरी करावा. १४० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात एका राशीच्या वाट्याला ११ कोटींहून अधिक माणसे येतात. 'आज प्रवास टाळावा' हा सल्ला त्या सर्वांना एकदम लागू? अशा चार ओळींवरून मुलाखतीस निघालेला तरुण कचरतो, ठरत आलेला विवाह मोडतो, तेव्हा ही करमणूकही उरत नाही. तो पुरुषार्थावरचा घाला ठरतो. विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरणाऱ्या सावरकरांचे नाव घेणाऱ्या समाजाला तरी हे शोभत नाही.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास सिद्ध केला. पंचांगशुद्धीसाठी लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर झटले. मेघनाद साहा समितीच्या शिफारशींवरून १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. हा वारसा सोडून लंडनच्या रविवारच्या पुरवणीचे उष्टे चघळण्याचे कारण काय? संक्रांतीच्या रात्री मुलांना गच्चीवर न्यावे आणि टिळकांनी ज्याच्या आधारे वेदांचा काळ शोधला, ते मृग नक्षत्र दाखवावे. ज्यांना आकाश वाचता येते, त्यांना ते सदर वाचण्याची गरज पडणार नाही.