आधी वेळ कोणती ते छापा

एका कार्यालयाकडून आमच्याकडे तक्ता आला. उज्जैनचा सूर्योदय, मध्यान्ह आणि सूर्यास्त भरून द्यायचे होते. रकान्यावर एवढेच: 'एल.एस.टी.' लोकल सायडेरियल टाइम की लोकल स्टँडर्ड टाइम, असे आम्ही लेखी विचारले. उत्तर आले, 'नमुन्यात बदल करता येणार नाही, आहे त्या रकान्यात माहिती भरावी.' नाक्षत्र काळ आणि घड्याळाचा काळ यांत वर्षभरात पुरा चोवीस तासांचा फेर पडतो. पण तक्ता भरलेला हवा, मग आत काहीही असो!

कार्यालयाला बोल लावताना आपले पंचांगकर्त्यांचे घरही तपासले पाहिजे. एकाच गावचा अभिजित मुहूर्त दोन पंचांगांत वेगळा का, अशी वाचकांची पत्रे थांबत नाहीत. स्पष्ट रवी आणि मध्यम रवी यांत कधीही न चुकणारे गणितकर्ते संगणकावर 'अ‍ॅपरंट' आणि 'मीन' अशी शीर्षके दिसली की गडबडतात. कोशात अ‍ॅपरंटचा अर्थ भासमान दिला आहे, म्हणून तो रकाना खोटा धरून मीनचा उचलतात. अहो, अ‍ॅपरंट म्हणजेच आपला स्पष्ट आणि मीन म्हणजे मध्यम!

उज्जैनपुरते बोलू. प्रमाणवेळेपासून रेखांतर २७ मिनिटे. तेवढेच धरले तर मध्यान्ह बारमाही १२.२७. वेलांतर, म्हणजे स्पष्ट आणि मध्यम काळातला फरक, लावले की नोव्हेंबरच्या आरंभी तो १२.१०च्या सुमारास येतो, फेब्रुवारीच्या मध्यास १२.४१ला. म्हणजे फेब्रुवारीतल्या या मध्यान्हाभोवतीचा अभिजित १२.१८ ते १.०४. मीनवाले १२.०४ ते १२.५० छापतात. आणि घड्याळाचे बारा हाच मध्यान्ह मानणाऱ्यांचा अभिजित १२.२३लाच संपतो, खरा जेमतेम सुरू झालेला असताना. मुहूर्त धरून बसलेल्या यजमानाला आपण काय सांगणार?

आणखी एक घोटाळा 'सेंट्रल स्टेशन'चा. राष्ट्रीय पंचांगाच्या मध्यवर्ती स्थानाचा अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचाच. रेखांश मात्र ८२ अंश ३० कला, प्रमाणवेळेचा. अक्षांश जुळला म्हणून तिथला सूर्योदय उज्जैनच्या नावावर खपवला, की तो सरळ २७ मिनिटे आधी उगवतो.

गोविंद सदाशिव आपट्यांनी उज्जैनच्या ज्या जीवाजी वेधशाळेची धुरा सांभाळली, तिच्या सम्राट यंत्रावर छाया स्पष्ट काळ दाखवते. गणित पक्के वाटत असेल तर एकदा तिथे घड्याळ घेऊन उभे राहा आणि छापील मध्यान्ह पडताळा.

उज्जैनचा २०२८चा सिंहस्थ जवळ येत आहे. स्नानाला येणारा प्रत्येक जण कुठले तरी पंचांग उघडणारच. तेव्हा शके १९५०च्या मुद्रितांवर सही करण्याआधी प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर तीन गोष्टी मराठीत छापा: काळ स्पष्ट, मध्यम की प्रमाण, स्थान कोणते, सूर्योदय बिंबाच्या वरच्या कडेचा की मध्याचा. नुसती इंग्रजी आद्याक्षरे असलेले कोष्टक या मासिकात यापुढे छापले जाणार नाही, मग पाठवणारा कितीही मोठा असो.